पाटल्यांवर एचयूआयडी नाही म्हणून भाव कमी?

प्रश्न: माझ्या लग्नात 2008 ला आईने दिलेल्या पाटल्या, चार तोळ्याची जोडी, परवा सराफ बाजारात मोडायला नेल्या. आतून त्रिकोण आहे, 916 आहे, इंग्रजी जे अक्षर आहे, शिवाय दोन बारीक शिक्के. दुकानदार म्हणे यावर एचयूआयडी नाही, जुना हॉलमार्क बाद झालाय, 18 कॅरेटच्या भावाने घेतो. खरंय का हे? आणि लेकीला पैंजण घेतलेत त्यावर नुसतं 925 आहे, ते चालतं का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: ताई, पाटल्या आधी परत कपाटात ठेवा. बाद वगैरे काही झालेलं नाही. तो एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर, मुळात आलाच जुलै 2021 मध्ये आणि 1 एप्रिल 2023 पासून दुकानदाराला त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, म्हणजे बंधन विकणाऱ्या सराफावर आहे, घरातलं सोनं मोडणाऱ्या बाईवर नाही. तुमचा जुना हॉलमार्क आजही वैध आहे. तो त्रिकोण बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 916 म्हणजे 22 कॅरेट, ते ‘जे’ अक्षर म्हणजे 2008 साल (2000 ला ए पासून सुरू केलं होतं, मधलं आय गाळलं), आणि उरलेले दोन शिक्के तपासणी केंद्राचा आणि ज्याने विकल्या त्या सराफाचा. आता हिशोब बघा, 40 ग्रॅममध्ये 916 ने शुद्ध सोनं 36.64 ग्रॅम होतं आणि 18 कॅरेट म्हणजे 750 ने 30 ग्रॅम. साडेसहा ग्रॅमवर पाणी सोडायचं, तेही एका वाक्यावर! घट, डाग याचं थोडं कापतात ते समजू शकतो, पण हे काहीच्या काही झालं. तरी तो अडूनच बसला तर बीआयएस मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात जा, चार नगांपर्यंत 200 रुपये अधिक जीएसटी एवढीच फी आहे, रिपोर्ट हातात मिळतो, तो घेऊन दुसऱ्या दुकानात जा.

पैंजणांचं मात्र वेगळं. नुसतं 925 (म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी) हा हॉलमार्क नव्हे, तो आकडा कोणीही ठोकू शकतो (सोन्यावरच्या केडीएमचंही तेच, तो डाग लावायच्या कॅडमियमचा शब्द, शुद्धतेची सरकारी खूण नाही). चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे त्यामुळे दुकानदाराने नियम मोडला असं नाही, पण सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही एचयूआयडी सुरू झालाय, तर पुढच्या वेळी त्रिकोण, सिल्व्हर हा शब्द, आकडा आणि एचयूआयडी असलेलेच मागा. आत्ताच्या पैंजणांच्या बिलावर 925 लिहिलंय का बघा, नसेल तर लिहून आणा, मोडताना तेच कामाला येईल.

आणि नवीन काही घेतलं तर तिथल्या तिथे दुकानातलं भिंग मागून एचयूआयडी नंबर वाचा, बीआयएस केअर ॲपमध्ये टाका आणि शुद्धतेसोबत दागिन्याचा प्रकार पण वाचा. आमच्या वहिनीने अंगठीचा नंबर टाकला तर ॲपवर कानातलं आलं, मग काय, पैसे द्यायच्या आधीच अंगठी काउंटरवर ठेवून निघाली ती.