हिस्ट्री पुसणं म्हणजे लबाडी का?

"मी फोनमधली हिस्ट्री रोज पुसते. नवऱ्याला, सासूबाईंना कळू देत नाही. ही फसवणूकच झाली ना?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. बायका विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, पन्नाशीचे पुरुषही चाचरत विचारतात. त्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पस्तिशीच्या, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या. आई गेल्यावर झोप उडाली, जेवण जाईना. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरची एसिटॅलोप्रॅमची गोळी सुरू केली आणि समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. घरी मात्र "बीपीचं दाखवायला जाते" एवढंच सांगितलेलं. गोळ्यांची पट्टी डाळीच्या डब्यामागे ठेवायची. रात्री सगळे झोपले की फोनवर वाचायचं: या गोळीची सवय लागते का, किती महिने घ्यावी लागते, वजन वाढतं का. फोन नावाला त्यांचा, पण वापरणार सगळं घर. मुलीचा अभ्यास त्यावरच, सासूबाईंची कीर्तनंही त्यावरच.

बोलता बोलता त्यांचा अंगठा थांबायचाच नाही. ब्राउझर उघडायचा, हिस्ट्री रिकामी आहे ना ते बघायचं, फोन पालथा ठेवायचा आणि दोन वाक्यं झाली की पुन्हा उचलायचा. रात्री तर तीच गत, पुसून झाल्यावरही तीन-चारदा उठून खात्री करून घ्यायच्या. मला काळजी वाटली ती या तपासण्याची. पुसण्यात काही वावगं नव्हतं, पण पुसूनही मन निवांत होत नव्हतं.

सेटिंगचं बोलण्याआधी मी एक गोष्ट विचारून घेतली, आणि ती प्रत्येकीला विचारते. घरात कोणी मारतं का, धमकावतं का, फोन हिसकावून तपासतं का? तसं असेल तर सल्लाच बदलतो. नेहमी भरलेली हिस्ट्री एकाएकी कोरी दिसली तर त्यावरूनच संशय येतो, आणि फोनवर कोणी गुपचूप पाळतीचं ॲप टाकलं असेल तर खासगी टॅबचा काही उपयोग नाही. अशा वेळी मदत शोधायची ती मैत्रिणीच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या फोनवरून. महिलांसाठी 181 आहे, जिवावर बेतलं तर 112.

या ताईंच्या घरात तसं काही नव्हतं. भीती होती ती "वेडी ठरवतील" याची. तिला निमित्त झालं होतं एका दुपारचं. सासूबाईंनी कीर्तन लावायला यूट्यूब उघडलं तर वरच नैराश्याच्या लक्षणांचा व्हिडिओ. "हे काय आलंय गं?" त्यांनी सहज विचारलं. "येतं असंच आपोआप," म्हणून वेळ मारून नेली, आणि तेव्हापासून हा पुसण्याचा नेम सुरू झाला.

मग फोन मध्ये ठेवून बसलो. त्या इनकॉग्निटो, म्हणजे क्रोमचा खासगी टॅब, वापरत होत्या, पण वाचून झालं की होमचं बटण दाबून मोकळ्या. त्याने टॅब बंद होत नाहीत, मागे उघडेच राहतात. क्रोममध्ये सगळे इनकॉग्निटो टॅब बंद केल्यावरच त्यातली हिस्ट्री आणि कुकीज जातात. शिवाय डाउनलोड केलेली फाइल राहते, स्क्रीनशॉट राहतो. यूट्यूबचा व्हिडिओ तर त्यांनी ॲपमध्येच पाहिला होता, तो खात्याच्या नोंदीत गेला. ब्राउझर कितीही धुतला तरी तिथे हात पोचत नाही. गूगल खात्यातल्या नोंदी 3, 18 किंवा 36 महिन्यांनी आपोआप जातील असं ठरवता येतं. घरच्यांच्या नजरेसाठी तीन महिनेसुद्धा खूप झाले, म्हणून त्या नोंदी आम्ही हातानेच काढल्या आणि यूट्यूबची हिस्ट्री थांबवून ठेवली.

रोजच्या वाचनासाठी वेगळा ब्राउझर घेतला. फायरफॉक्समध्ये बाहेर पडताना सगळा डेटा पुसण्याची सोय आहे, पण मेन्यूत जाऊन 'क्विट' दाबावं लागतं, आणि तेच त्या विसरल्या असत्या. डकडकगो ब्राउझरला ॲप बंद होताच किंवा काही मिनिटं हात लागला नाही की आपणहून साफ व्हायला सांगता येतं. तो ठेवला. आता पुसणं त्यांच्याकडे राहिलं नाही, म्हणून तपासणंही उरलं नाही, निदान उरू नये असं ठरलं. रात्री पुन्हा फोन उचलावासा वाटला तर न उचलता दहा मिनिटं काढायची, एवढाच गृहपाठ दिला. पहिल्या रात्री जमलं नाही. हळूहळू जमू लागलं.

राहिला लबाडीचा प्रश्न. एखादा माणूस मोबाइलवर जुगार खेळून घरचे पैसे घालवतो आणि हिस्ट्री पुसतो, तेव्हा बायकोला कळायला हवं तेच तो दडवत असतो. तिचं नुकसान होतंय. आपल्या दुखण्याविषयी वाचणाऱ्या बाईने कोणाचं काय घेतलं? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. डॉक्टरांनी ती पाळायची, मीही पाळायची, मग स्वतः रुग्णाने आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवलं तर तिला अपराधी का वाटावं? हे मी त्यांना ठासून सांगितलं, कारण अपराधीपणाचं ते ओझं नैराश्याच्या दुखण्यावर आणखी एक दुखणं होऊन बसलं होतं.

बीपीची थाप मात्र त्यांना स्वतःलाच टोचत होती. तिच्याविषयी मी घाई केली नाही. गोळी मनाने बंद करायची नाही आणि शंका इंटरनेटऐवजी डॉक्टरांना विचारायच्या, हे दोन शब्द घेतले. अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये साठवला, मैत्रिणीच्या नावाने.

काही आठवड्यांनी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. वाचलं काय ते दाखवलं नाही, फक्त गोळ्यांची पट्टी समोर ठेवली. तो आधी चिडला, "मला का नाही बोललीस?" म्हणून दोन दिवस अबोला धरला. मग स्वतःच विचारायला लागला, जन्मभर घ्यावी लागणार का, मुलीला होईल का. एका सत्राला येऊनही बसला. हिस्ट्रीबद्दल त्याने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

सासूबाईंना अजून माहीत नाही. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते ताई ठरवतील. "आता ते सेटिंग काढून टाकू का?" असं त्यांनी मागच्या भेटीत विचारलं होतं. मी म्हटलं, "कशाला? राहू दे की."