काय सोडलं आणि केव्हा सोडलं

कर्वेनगरहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा १९ वर्षांचा, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणी तीन वर्षं तबला शिकला आणि प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेआधी सोडला. मग ट्रेकिंगचं वेड लागलं. दर रविवारी सिंहगड, आणि गटातल्या सगळ्यांसाठी वाटांचे नकाशे काढायचे. कॉलेजात रोबोटिक्सच्या टीममध्ये शिरला, स्पर्धा महिन्यावर आली तेव्हा बाहेर पडला. आता म्हणतो, इंजिनिअरिंग सोडून भूगोल घ्यायचा. आई विचारतात, ‘हा आयुष्यभर अशीच धरसोड करणार का? आमच्या वेळी एकदा ठरवलं की ठरवलं.’

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा मुलासाठी आणि एकदा तुमच्यासाठी. शेवटी जाता जाता तुम्ही स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत: बी.कॉम. झालात, सहकारी बँकेत ११ वर्षं काढलीत, नोकरी सोडून घरी शिकवण्या घेतल्या, आणि आता ४८व्या वर्षी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकायला जाता. याला तुम्ही धरसोड म्हणत नाही. मीही म्हणणार नाही. बँकेची खतावणी, मुलांच्या वह्या आणि मोडीतले जुने हिशेबी कागद या सगळ्यांत एकच नजर लागते, बारीक लिहिलेलं बिनचूक वाचणारी. काम बदललं, ती नजर तुमच्याबरोबर आली.

मुलाकडेही असंच पाहा. त्याने काय काय सोडलं याची यादी तुम्ही चोख केली आहे, पण त्याच पत्रात काय टिकलं तेही आहे, तुमच्या लक्षात आलं नसावं. तबला सुटला, तरी गणपतीत सोसायटीतल्या लहान मुलांना ठेका धरायला तोच शिकवतो. ट्रेकला स्वतः वाट शोधून तो थांबला नाही, दुसऱ्यांना ती कळावी म्हणून नकाशा काढला. रोबोटिक्स सोडताना ज्युनिअर मुलांसाठी ४० पानांच्या नोट्स लिहून ठेवल्या. विषय तीन, पण प्रत्येक ठिकाणी तो स्वतःला समजलेलं दुसऱ्याला समजेल असं मांडतो आहे. मला तरी हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत पक्का धागा वाटतो.

दुसरी गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण ती टाळली तर भूगोल घेऊनही प्रश्न सुटणार नाही. तबला सुटला परीक्षेआधी, रोबोटिक्स सुटलं स्पर्धेआधी. इंजिनिअरिंग सोडायचं मनात कधी आलं? तुम्ही लिहिता, दोन विषयांत बॅकलॉग राहिल्यावर. म्हणजे मोजमापाची वेळ आली की हा मुलगा मागे सरतो. त्यात आळस मला दिसत नाही. बहुधा कमी पडण्याची भीती असेल, पण ते मी पत्रावरून ठरवू शकत नाही, त्यालाच विचारावं लागेल. भूगोलातही सेमिस्टरच्या परीक्षा असतातच.

तुमचं ‘एकदा ठरवलं की ठरवलं’ आणि त्याचं ‘आता मला नक्की कळलंय’, दोन्ही वाक्यं एकाच चुकीतून येतात. जॉर्डी क्वाइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला. त्यात १८ ते ६८ वयाची १९,०००हून जास्त माणसं होती. काहींना विचारलं, गेल्या दहा वर्षांत किती बदललात. काहींना विचारलं, पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल. प्रत्येक वयात मागचा बदल मोठा सांगितला गेला आणि पुढचा लहान. आपण आता पुरते घडलो आहोत, असं विशीतही वाटतं आणि साठीतही. म्हणून मी पालकांना सांगते की १९व्या वर्षीचा निर्णय शेवटचा समजू नका, आणि मुलांना सांगते की परतीचं दार जोरात लावून घेऊ नका.

तुम्ही राहता त्या भागाला ज्यांचं नाव आहे, त्या महर्षी कर्व्यांचंच पाहा. १८९१पासून १९१४पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. त्याच काळात, १८९६ साली, विधवांसाठी आश्रम काढला. १९१६मध्ये महिला विद्यापीठ, १९३६मध्ये म्हणजे ७८व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाचं काम, १९४४मध्ये समता संघ. ज्यांच्यापर्यंत शिक्षण आणि मान पोहोचत नव्हता त्यांच्याकडे ते जात राहिले. मात्र हा धागा मागे वळून पाहताना दिसतो. १८९१ साली कुणी विचारलं असतं, तर पुढचं सारं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता काय करायचं? एक वही घ्या. मोठ्या वळणांचं वय लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी: कशाकडे गेलो, कशापासून लांब गेलो, बरोबर काय नेलं. मधला प्रश्न सर्वांत अवघड आहे, तिथे घाई करू नका. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं पहिलं उत्तर भराभर लिहितात आणि दुसऱ्यापाशी पेन थांबतं. थांबू द्या, तिथेच काहीतरी असतं.

प्रवेश लगेच रद्द करू नका. हे सेमिस्टर आणि ते दोन बॅकलॉग पूर्ण करू द्या. मेकॅनिकल वाचवणं हा त्यामागचा हेतू नाही. एकदा तरी मोजमापाला सामोरं जाऊन मग सोडलं, तर तो निर्णय त्याचा स्वतःचा असेल, पळ काढलेला नसेल. तोवर भूगोलाची चव घ्यायला पैसे लागत नाहीत. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था इस्रोची आहे, उपग्रहचित्रांवरून जमिनीचा अभ्यास कसा करायचा ते तिथे शिकवतात. तिचे ऑनलाइन छोटे कोर्स विनामूल्य असतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. सिंहगडाच्या वाटांचा त्याचा जुना नकाशा त्यात बसवायला सांगा आणि कोर्सची शेवटची परीक्षा तो देतो का, ते पाहा. दिली आणि ओढ टिकली, तर भूगोलाला मनापासून हो म्हणा. इंजिनिअरिंग पूर्ण करून नकाशाशास्त्राकडे वळण्याची वाटही आहे, तीही त्याच्यासमोर ठेवा.

मात्र झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, मित्र तुटले असतील, तर हा करिअरचा प्रश्न उरत नाही. मग आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोला.

वहीचं पहिलं पान तुम्ही भरा, बँक सोडण्याच्या वळणापाशी मधल्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहा, आणि ते पान त्याला वाचायला द्या. मग वही त्याच्याकडे राहू द्या.