फुगाझीला पाच डॉलरचं तिकीट परवडलं कसं?

तुमचा प्रश्न असा की मोठ्या रेकॉर्ड कंपनीची पायरी न चढता आणि कार्यक्रमाचं तिकीट पाच डॉलरच ठेवून फुगाझी हा अमेरिकन पंक रॉक बँड पंधरा वर्षं टिकला, तो निव्वळ तत्त्वांच्या जोरावर का? तत्त्वं होतीच. पण त्यांचा हिशेबही पक्का होता, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

१९८७ साली वॉशिंग्टन डीसीमध्ये बँडचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा गिटारवादक-गायक इयन मकाय नवखा नव्हता. १९८० मध्येच त्याने जेफ नेल्सनबरोबर डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी, काढलं होतं. पहिल्या रेकॉर्डची कव्हरं या पोरांनी घरी बसून कापली, दुमडली, चिकटवली. दुसरा गिटारवादक-गायक गाय पिचोटो आणि ड्रमर ब्रेंडन कॅन्टी हे दोघंही आधीच्या एका बँडमधून तयार होऊन आलेले. बासवर जो लॅली. लेबल घरचं आणि रेकॉर्डिंगसाठी इनर इअर स्टुडिओ नदीपलीकडे आर्लिंग्टनमध्ये. त्यामुळे रेकॉर्ड काढायला कुणाकडून आगाऊ रक्कम घ्यायची गरजच पडली नाही.

दौऱ्यांचंही तसंच. मॅनेजर नाही, एजंट नाही. कार्यक्रम मकाय स्वतः फोनवर ठरवायचा. टी-शर्ट विकायचे नाहीत, म्हणजे ते छापायचे नाहीत, वाहून न्यायचे नाहीत आणि विकायला वेगळा माणूसही न्यायचा नाही. मधले सगळे गेले की पाच डॉलर पुरतात. हॉलमध्ये हजार माणसं आली तर पाच हजार डॉलर होतात आणि वाटेकरी मोजकेच असतात.

स्वस्त तिकिटाबरोबरची त्यांची दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते: कार्यक्रम सर्व वयांसाठी खुला हवा. अमेरिकेत दारू एकविसाव्या वर्षापासून मिळते, त्यामुळे रॉकचे कार्यक्रम जिथे होतात त्या अनेक बारमध्ये सोळा वर्षांच्या मुलाला दारातूनच परत फिरावं लागतं. मग चर्चचे हॉल, सामाजिक केंद्रं, जिथे जागा मिळेल तिथे हे वाजवायचे. ज्या वयात गाणं माणसाला सर्वांत खोल भिडतं, त्या वयाच्या मुलांना त्यांनी बाहेर ठेवलं नाही. गर्दीत कुणी मारामारी करू लागला तर गाणं थांबवून त्याला समजावायचे. तरीही ऐकलं नाही तर पाकिटात घातलेले पाच डॉलर हातात देऊन त्याला बाहेर पाठवायचे. अशी पाकिटं आधीच भरून ठेवलेली असत!

पण संगीत चांगलं नसतं तर यातलं काहीच उपयोगी पडलं नसतं. मी स्वतः बास वाजवतो. लॅलीचा बास जमैकाचं रेगे आणि त्यातूनच निघालेलं डब या संगीतातून आलेला आहे. तो मोकळी जागा सोडतो आणि त्या जागेत दोन्ही गिटारी एकमेकींना छेद देतात. कार्यक्रमात गाण्यांची यादी ठरलेली नसायची. एकाने सुरुवात केली की बाकीच्यांनी ओळखून उचलायचं, म्हणजे सगळी गाणी सगळ्यांना कायम तयार हवीत. १९९३ च्या अल्बमसाठी शिकागोला रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीकडे रेकॉर्डिंग केलं, ते मनासारखं वाटलं नाही, म्हणून बाजूला ठेवून इनर इअरमध्ये पुन्हा केलं. माझ्या मते डोक्यावर कंपनीचं कर्ज नव्हतं म्हणूनच हे इतकं सहज जमलं.

थांबणंही तसंच. ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. बँड मोडल्याची घोषणा त्यांनी कधीच केली नाही. घरसंसार वाढले होते आणि करारातला कुठला अल्बम द्यायचा राहिला नव्हता. २०११ पासून त्यांनी जपून ठेवलेली शेकडो कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज ऑनलाइन खुली करायला घेतली. सुचवलेली किंमत? पाच डॉलर.

ऐकायला सुरुवात '१३ साँग्ज'पासून करा. मग थेट २००१ चा शेवटचा अल्बम, 'द आर्ग्युमेंट', हेडफोन लावून एका बैठकीत ऐका. मधले अल्बम तुम्ही आपणहून शोधाल.