कापून टाकलेल्या पायाची बोटं दुखतात, असं वडील म्हणतात. हा भास आहे का? ते पुन्हा चालतील का?

भास नाही. दुखणं खरं आहे, आणि हे त्यांना घरातल्या कोणीतरी आधी सांगायला हवं.

माझा डावा पाय शुगरपायी गुडघ्याखालून काढला, त्याला सहा वर्षं झाली. चौथ्या दिवशीच नसलेला अंगठा तळव्याकडे मुडपला आणि काही केल्या सरळ होईना. वॉर्डात सांगितलं तर "काका, पाय कुठाय आता?" म्हणून एक जण हसला. मग मी बोलायचंच सोडलं. एका रात्री लघवीला उठलो, दोन्ही पाय आहेत अशाच हिशेबाने खाली टेकवायला गेलो आणि थेट स्टंपवर, म्हणजे कापून उरलेल्या पायाच्या टोकावर, आपटलो. तेव्हा वडिलांच्या उशाशी वॉकर आणि दिवा असू द्या, आजपासूनच.

अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये याला 'फँटम लिंब', म्हणजे नसूनही जाणवणारा अवयव, म्हटलं. नेमकं कारण अजून वादात आहे, पण मेंदूतली पायाची जागा पायाबरोबर जात नाही, एवढं नक्की. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात आरशाची युक्ती काढली, ती याच धाग्यावर. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातला तिचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. आरशात बघून व्यायाम करणाऱ्या सहाच्या सहा जणांचं दुखणं कमी झालं. आरसा झाकून तेच करणाऱ्या सहांपैकी एकाचंच. माणसं मोजकी होती आणि पुढच्या अभ्यासांत निकाल इतके एकमुखी आले नाहीत, तरी करून बघण्यात तोटा काय?

मी कपाटाचा जुना आरसा दोन्ही मांड्यांच्या मधे उभा धरायचो. स्टंप आरशामागे, चांगला पाय पुढे. चांगल्या पायाची बोटं हळूहळू उघडायची आणि नजर आरशातल्या पायावर ठेवायची. पहिले आठ दिवस खुळ्यासारखं वाटलं. नवव्या-दहाव्या दिवशी तो अंगठा सुटला. पुन्हा मुडपतो अधूनमधून, पण ती जुनी कळ नाही. डॉक्टरांनाही सांगा, नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात. स्टंप लाल, गरम झाला किंवा पाणी यायला लागलं तर मात्र आरसा वगैरे बाजूला ठेवून आधी दवाखाना.

आता चालण्याचं. वडिलांचा गुडघा शाबूत असेल तर ती मोठी जमेची बाजू, मांडीतून पाय गेलेल्याला चालताना कितीतरी जास्त दम लागतो. पण तो गुडघा सरळ राहिला पाहिजे. मला बरं वाटावं म्हणून घरच्यांनी खाली उशी दिली, गुडघा वाकलेलाच आखडला आणि तो सरळ करण्यात माझे अडीच महिने गेले. उशी काढा. फिजिओथेरपिस्टला विचारून दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवा. स्टंपवर क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं बांधतात, ते शिकून घ्या.

जखम भरली की मुंबईत हाजीअलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत कृत्रिम पायासाठी दाखवता येईल. जयपूर फूट घालून उकिडवं बसता येतं, अनवाणीही चालता येतं. मला देवळात जायचं म्हणून मी तोच घेतला. स्टंप पहिलं वर्षभर आक्रसत जातो, कृत्रिम पाय सैल होतो, मग आत स्टंपवर मोजे वाढवायचे. मी सकाळी तीन घालतो, संध्याकाळी कधी चौथा.

आणि वडिलांना शुगर असेल तर दुसऱ्या पायाचा तळवा रोज रात्री तुम्ही स्वतः बघा. त्यांना खाली वाकून दिसणार नाही.