विश्वस्ताच्या भावाची जागा ट्रस्टने भाड्याने घेतली तर चालते का?

तुम्ही शाळा चालवणाऱ्या धर्मादाय ट्रस्टचे विश्वस्त आहात, जादा वर्गांसाठी तुमच्या सख्ख्या भावाची इमारत भाड्याने घ्यायचं घाटतंय आणि ते चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

चालतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते ती ट्रस्टची जागा विकताना किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देताना. दुसऱ्याची जागा भाड्याने घेताना हे कलम आड येत नाही.

खरी अडचण आयकराची. विश्वस्ताचा भाऊ तिथे हितसंबंधी व्यक्ती ठरतो. त्याला वाजवीपेक्षा जास्त भाडं गेलं, तर त्या लाभावर ट्रस्टला ३० टक्के दराने कर आणि वर दंड बसू शकतो. भाड्याकडे सगळे लक्ष देतात, घोळ होतो तो डिपॉझिटमध्ये. भाडं बाजारभावाने, पण डिपॉझिट दोन-तीन वर्षांच्या भाड्याएवढं आणि बिनव्याजी, असं असेल तर ते भावाला बिनतारण कर्ज दिल्यासारखं दिसतं. परिसरात जेवढ्या महिन्यांचं डिपॉझिट घेतात तेवढंच द्या.

बैठकीआधी नातं लेखी कळवा. विषय निघाला की बाहेर जा, मतदान करू नका. तुम्हाला वगळून गणपूर्ती होते का हे ट्रस्टच्या घटनेत (नियमावलीत) आधी पाहा. होत नसेल तर विषय पुढे ढकला. इतिवृत्तात स्पष्ट लिहून घ्या: ‘विषय क्र. ४ मधील इमारत आपल्या सख्ख्या भावाच्या मालकीची असल्याचे श्री. अमुक यांनी लेखी कळवले व ते चर्चेपूर्वी बाहेर गेले.’ नुसतं ‘सर्वानुमते मंजूर’ पुढे कुणालाच वाचवत नाही. सोबत आसपासच्या किमान तीन जागांचे चौरस फुटामागचे दर जोडा. करारावर ट्रस्टतर्फे दुसऱ्या विश्वस्ताची सही हवी आणि करार नोंदणीकृत हवा.

गप्प बसलेले विश्वस्तही सुटत नाहीत. कुणाचा विरोध असेल तर तो नावासकट इतिवृत्तात यायला हवा, कारण विश्वासभंग किंवा मालमत्तेचा गैरव्यवहार सिद्ध झाला तर १९५० च्या त्याच अधिनियमाच्या कलम ४१-ड खाली निलंबन, अगदी बडतर्फीही होऊ शकते.

लेखापरीक्षकांना हे नातं आणि व्यवहार आधीच कळवा. विश्वस्तांपैकी कुणी ट्रस्टचा ऋणको किंवा धनको आहे का, हे त्यांना अहवालात लिहावंच लागतं. करार संपून नूतनीकरण आलं की दरांची तुलना आणि ठराव पुन्हा नव्याने करा. जुन्या ठरावावर मुदत वाढवू नका.