सोलापूरसारख्या ठिकाणी एचआरचं सर्टिफिकेशन करून उपयोग होतो का? आणि ते टिकवायला काय लागतं?

एमबीए झालंय, दोन वर्षं चिंचोळी एमआयडीसीत एचआरला आहात आणि एसएचआरएम-सीपी (एसएचआरएम या अमेरिकन संस्थेचं एचआरचं सर्टिफिकेट) करावं का असं विचारलंय. करा. पण नुसत्या पगारवाढीसाठी करणार असाल तर नका करू, सोलापुरात त्या अक्षरांचे कुणी जास्तीचे पैसे देत नाही.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्यात असताना पास झाले. पाठांतरावर भागत नाही, प्रसंग देतात नि खाली चार पर्याय, चारही बरोबर वाटतात, त्यातला सगळ्यात योग्य निवडायचा. ते जमलं. खरी कसोटी पुढंच, कारण हे सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, तेवढ्यात ६० पीडीसी, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण, जमवायचे नाहीतर परत परीक्षा. तासभर शिकलात की एक पीडीसी. यातले २० पर्यंत आपल्याच कंपनीत केलेल्या कामावर मिळतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि माझं भांडण तिथंच झालं.

शिलाई खात्यातल्या एक मावशी पगाराची स्लिप चार घड्या घालून घेऊन आल्या. "मॅडम, ह्ये नव्वद रुपये कशाचे?" पगार १२,०००, त्यावर ०.७५ टक्के ईएसआय, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचा हप्ता, ९० रुपये. महिन्याच्या महिन्याला कापले जात होते, पण मुलगा आजारी पडला तेव्हा कार्डावर त्याचं नावच नव्हतं. स्लिप इंग्रजीत, मावशींना वाचता यायचं फक्त तेलुगू. मग मी बसले. १८० जणांची आधार, पीएफ, ईएसआयवरची नावं एकेक करून जुळवली, घरच्यांची नावं चढवली, स्लिप मराठी आणि तेलुगूत केली, तेलुगू शब्द एका जॉबरकडून (खात्यातल्या मुकादमाकडून) तपासून घेतले. पाच महिने गेले त्यात. पुढच्या पगाराला त्याच मावशी स्लिपवर बोट ठेवून दुसऱ्या बाईला समजावून सांगत होत्या, ते बघून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

एसएचआरएमचं ऑडिट लागलं तर पीडीसीचा पुरावा हवा म्हणून साहेबांकडं या कामाचं सहीचं पत्र मागितलं. तर म्हणे, "पगार घेता ना याचा? एचआर म्हणजे मस्टर, पीएफ आणि दिवाळीच्या बोनसची भांडणं, त्याला अमेरिकेचे मार्क कशाला?" सही नाही ती नाहीच. ते २० मी रात्री पोरगं झोपल्यावर इयरफोन लावून फुकटच्या वेबिनारांवर भरून काढले, पण त्यांचं ते बोलणं आजही पटत नाही. मस्टर भरणारा माणूस ९० रुपये बरोबर कापतो, ते ९० त्या बाईच्या कामाला येतात का हे बघणं म्हणजे एचआर, आणि मला ती नजर त्या अभ्यासानं दिली. तेव्हा तुम्ही काम सुरू करायच्या आधीच लेखी मंजुरी घेऊन ठेवा, संपल्यावर कुणी विचारत नाही.

सर्टिफिकेटची मुदत आपल्या जन्ममहिन्याच्या शेवटच्या तारखेला संपते, शेवटच्या वर्षावर ढकलू नका. फी किती ते एसएचआरएमच्या साईटवर बघा.

आणि एक राहिलं. यात आपला कायदा शिकवत नाहीत. ग्रॅच्युइटी काढायचं १५/२६ चं सूत्र, किमान ८.३३ टक्के बोनस, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेले चार लेबर कोड (नवे कामगार कायदे), हे वेगळंच बसून करावं लागतं. वेल्फेअर ऑफिसर (कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी) व्हायचं असेल तर नुसत्या या सर्टिफिकेटवर भागणार नाही, आधी लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा नाहीतर एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं) बघा. फॅक्टरी ॲक्टात ५०० कामगारांना हे पद सक्तीचं होतं, नव्या कोडात २५० ला आहे, म्हणजे आपल्याकडं जागा वाढतील असं मला वाटतं. मी डिप्लोमा आणि हे सर्टिफिकेट दोन्ही केलंय, डिप्लोमा आधी.