तूप पुन्हा थिजतं, मग भाजलेलं वांगं पुन्हा कच्चं का होत नाही?

दोन्हीकडे उष्णताच लागते, तरी एक बदल उलटतो नि दुसरा नाही, असं का, हा तुमचा प्रश्न. उष्णतेने आत नेमकं काय केलं, ते बघायचं.

जळगावच्या मे महिन्यात बरणीतलं तूप पातळ होतं, डिसेंबरच्या पहाटे तेच रवाळ थिजतं. रेणू तेच, फक्त त्यांची घट्ट मांडणी सैल होते. गारवा मिळाला की पुन्हा घट्ट.

आता भरताचं वांगं कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजताना बघा. साल तडकते, आतून वाफ फुसफुसत निघते, टणक गराचा मऊ लगदा होतो. पेशींच्या भिंती मोडल्या, साल करपून कोळसा झाली, खमंग वासाचे नवे पदार्थ तयार झाले. फ्रीजमध्ये ठेवून ते गार होईल, कच्चं नाही. केळीचंही तसंच: पिकताना स्टार्चची साखर होते, ती परत फिरत नाही.

रेणू तेच राहिले तर तो भौतिक बदल, नवे पदार्थ झाले तर रासायनिक. पण ‘भौतिक म्हणजे उलटणारा, रासायनिक म्हणजे न उलटणारा’ असं पाठ करू नका, मुलं इथेच चुकतात. ज्वारी दळणं भौतिक बदल, पण पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. उलट मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या, पिकावरच्या बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणाला लागतं तेच. निळे खडे तापवले की त्यातलं पाणी उडून पांढरी भुकटी उरते. थंड झाल्यावर तिच्यावर दोन थेंब पाणी टाका, निळा रंग लगेच परततो. म्हणजे बदल रासायनिक, तरी उलटला. प्रयोग शिक्षकांसमोरच करा, मोरचूद विषारी असतं.